गान्कोगुई: घंटी झकास, पॅकिंग भंगार

आमचं खंजिरीचं भजन मंडळ, मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दरसाल जातो. पुतण्यानं मोबाइलवर घाना-टोगोकडच्या एवे लोकांचा अग्बाद्झा नाच दाखवला. पाठ वाकवून, हात पंखासारखे हलवत नाचतात. मी मात्र त्यातल्या घंटीवरच अडकलो. ऑनलाइन मागवली, २,४०० रुपये.

लोखंड ठोकून केलेल्या दोन घंट्या, मोठी अन् छोटी, एकाच मुठीला. आत लोलक नाही, लाकडी काडीनं बाहेरून वाजवायची. मोठी खर्जात बोलते, छोटी टणक. त्यांच्यात मुख्य ढोल कितीही खेळो, घंटी जागची हलत नाही, सगळे तिच्याकडे कान लावून. म्हणजे आमच्या टाळाचंच काम. पण ठेका? बारा मात्रांत सात ठोके, एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत मात्रा अशा: दोन-दोन-एक, दोन-दोन-दोन-एक. एकतालाच्या हिशेबानं गेलो अन् तिसऱ्या फेरीत आपटलो. चार दिवस कापूस वेचताना तोंडानं घोकला, तवा कुठं हातात आला. बायको म्हणे, "उन लागलं काय तुमाले?"

खोक्यात नुसते पेपरचे बोळे. मोठीची कड चेपलेली, जोडावर गंज. काडी दुसऱ्याच दिवशी तुटली. तुऱ्हाटीची टिकली नाही, शेवटी बाभळीची केली. विकणाऱ्याला फोटो टाकले, तर उत्तर आलं, "हातानं बनवलेली वस्तू आहे."

आवाजाला पाचापैकी चार, बाकीला एक.

तिथंच आहात्सेही आहे, मण्यांची जाळी चढवलेला तुंबा. त्याला १,८०० मागतात. तुंबे आमच्या कुंपणावर लटकले आहेत, मणी बाजारात मिळतील.