घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणासाठी कागदी प्रश्नावली की मोबाइलवरील फॉर्म?

गोवंडीसारख्या दाट वस्तीत घरोघरी जाऊन रक्तदाब मोजायचा असेल, तर नोंदी कशावर घ्यायच्या हे प्रबंधाचा आराखडा मांडतानाच ठरवावे लागते. जवळच देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २००५-०६ ची फेरी कागदावर झाली आणि २०१५-१६ च्या फेरीत प्रश्नावली लहान संगणकांवर गेली. परंतु त्या सर्वेक्षणाला जे मानवले ते तीनशे घरांच्या अभ्यासाला मानवेलच असे नाही.

कागदाला चार्जिंग लागत नाही आणि त्यावरची दुरुस्ती लपत नाही. १४८ वर काट मारून शेजारी १३८ लिहिले व सही केली, तर मार्गदर्शकाला सगळे एका नजरेत दिसते. कष्ट पुढे असतात: प्रत्येक प्रश्नावली दोघांनी स्वतंत्रपणे संगणकात भरून नोंदी ताडून पाहाव्या लागतात, आणि घाईत लिहिलेला आकडा १ आहे की ७ हे तेव्हा सांगायला कोणी समोर नसते.

मोबाइलवर मर्यादा घालून ठेवली, की १३०० असा रक्तदाब फॉर्म तिथल्या तिथे नाकारतो. मात्र १८२ ऐवजी १२८ टाकले गेले तर दोन्ही आकडे मर्यादेत बसतात, त्यामुळे रोज संध्याकाळी काही नोंदी पडताळण्याचे काम मोबाइलमुळेही टळत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेले ओडीके हे फॉर्म बांधून नोंदी घेण्याचे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असून नेटवर्क नसतानाही अँड्रॉइड फोनवर चालते, म्हणून या कामाला मी तेच निवडेन. त्याच व्यक्तींना वर्षभर ओपीडीत तपासायचे असल्यास व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे रेडकॅप हे संशोधनातील नोंदी ठेवण्याचे सॉफ्टवेअर सरस आहे, पण त्यासाठी संस्थेला करार करावा लागतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोपनीयतेची. लोकलच्या गर्दीत फोन हरवला तर एका क्षणात शेकडो कुटुंबांची माहिती जाते. प्रश्नावलींचा गठ्ठा हरवला तर बहुधा त्या दिवसाचीच. म्हणून फोनमध्ये फक्त सांकेतिक क्रमांक असावा, फॉर्म कूटबद्ध असावा, आणि संमतिपत्र सही किंवा अंगठ्यासह कागदावर घेऊन, सांकेतिक क्रमांक व नावे जोडणाऱ्या यादीपासून वेगळे, विभागाच्या कुलूपबंद कपाटात ठेवावे. घराचे जीपीएस स्थान तर घेऊच नये: चिंचोळ्या गल्लीत तो बिंदू अनेकदा शेजारच्या घरावर पडतो, म्हणजे अभ्यासाला उपयोग थोडा आणि कुटुंब ओळखले जाण्याचा धोका मात्र कायम.

घरे शंभराच्या आत असतील आणि भेट एकदाच असेल, तर फॉर्म बांधण्यात आठवडा घालवण्यापेक्षा कागदच घ्यावा.