टेरिटी बाजार ते टांग्रा: कोलकात्यातल्या चिनी खाण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

टेरिटी बाजारात सातच्या पुढे पोचलात, तर निम्मी फेरी वाया गेली असं समजा. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाजवळ, पोद्दार कोर्टाच्या शेजारी रस्त्यावरच ही चिनी न्याहारी मिळते. साडेपाच-सहाला सुरुवात होते आणि आठ-साडेआठला आवराआवर. रविवारी पदार्थ सर्वांत जास्त, पण त्या दिवशी मेट्रो उशिरा सुरू होते, टॅक्सीच करा. बसायला जागा नसते. सुटे पैसे जवळ हवेत.

आधी फिशबॉलचं गरम सूप, मग पोर्कचा बाओ (सारण भरलेला वाफवलेला पाव) आणि सुई माई (वरून उघडे, वाफवलेले छोटे डंपलिंग). बाओ बोटाने हलकेच दाबायचा. खळगा लगेच भरून आला तर ताजा. बूड ओलं, चिकट लागलं तर तो वाफेवर फार वेळ पडून आहे; दुसऱ्या भांड्यातला मागा. चिनी विक्रेते आता मोजकेच उरलेत आणि मोमो वाढलेत, याचं खरंच वाईट वाटतं. मोमो मुळात तिबेटी. ते खायचे तर एल्गिन रोडच्या आसपासच्या छोट्या तिबेटी खानावळींत, थुक्पाबरोबर, म्हणजे नूडल्सच्या सूपबरोबर. इथे पोट बाओसाठी राखा.

टांग्रा शहराच्या पूर्वेला, सायन्स सिटीपासून जवळ. टॅक्सीवाल्याला ‘चायना टाउन’ सांगितलं की पुरे. हाक्का या दक्षिण चीनमधल्या समाजाच्या कुटुंबांच्या चामड्याच्या कारखान्यांची ही मूळची वस्ती. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कारखाने शहराबाहेर हलवायला सांगितले, आणि पुढे वस्तीची ओळख हॉटेलांवरच टिकली. सोया सॉस, लसूण, हिरवी मिरची, व्हिनेगर ही इथली चव. मात्र ती जेवणाच्या वेळेवर फार अवलंबून आहे. दुपारी साडेबारा किंवा संध्याकाळी सातला जा. शनिवार-रविवारी रात्री नऊला तेच हॉटेल, तोच पदार्थ, आणि नूडल्स ओलसर: कढईत तीन-चार प्लेटांचा माल एकदम पडला की ती थंडावते, कोबीला पाणी सुटतं, नूडल्स परतण्याऐवजी वाफवल्या जातात. मोठ्या आचेवर परतल्याचा धुरकट वास येतच नाही. प्लेटच्या तळाशी पाणी दिसलं की कारण हेच.

प्लेटी मोठ्या असतात. चौघांना एक सूप वाटून, दोन कोरडे पदार्थ, एक ग्रेव्हीचा आणि एक-दोन प्लेट भात-नूडल्स भरपूर होतात. सगळं एकदम सांगू नका, नाहीतर सगळं एकदमच येतं. चिली चिकन ‘ड्राय’ मागवा आणि आल्याबरोबर संपवा. ग्रेव्हीत कॉर्नफ्लोअरचं आवरण दहा मिनिटांत फुगून मऊ पडतं, मग चिकनचा कुरकुरीतपणा शोधत बसावं लागतं. कोळंबी किंवा मासा असेल तर लसूण-मिरचीतला घ्या. हे टांग्राचं खरं बलस्थान. मांचुरियन आपल्याकडेही मिळतं, त्यावर इथे प्लेट खर्च करू नये.

शाकाहारी मंडळींनी ऑर्डरआधीच तीन गोष्टी विचाराव्यात: सूपचं पाणी चिकनचं आहे का, ऑयस्टर सॉस (शिंपल्यांचा) घालता का, कढई वेगळी आहे का. तिसऱ्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं. अजिनोमोटो नको असेल तर तेही तेव्हाच सांगा.

मध्य कोलकात्यात गणेशचंद्र अ‍ॅव्हेन्यूवर पेट्रोल पंपाच्या वरच्या मजल्यावर ‘ओ च्यू’ हे जुनं कौटुंबिक हॉटेल आहे. तिथलं चिमणी सूप मधोमध निखाऱ्याची नळी असलेल्या भांड्यात येतं आणि शेवटच्या वाटीपर्यंत उकळतं राहतं. त्यासाठी आधी फोन करून सांगा, आणि चारजण तरी असल्याशिवाय मागवू नका.

पार्सल न्यायचं तर भात आणि ग्रेव्ही. कुरकुरीत काही नेलंच, तर डब्याचं झाकण वाटेत किलकिलं ठेवा आणि घरी लोखंडी कढईत, मोठ्या आचेवर, पाणी न घालता परता. पोउ चोंग या कोलकात्यातल्या सॉसवाल्यांचा हिरव्या मिरचीचा सॉस मात्र नक्की आणा. बाटलीला दोन पिशव्या, आणि विमानात ती चेक-इन सामानात.