बिनमाणसाचं दुकान : चकली भारी, आयडिया त्याहून भारी

सोसायटीच्या गेटजवळ हे दुकान सुरू झालंय, काऊंटरवर कोणीच नसतं, चिवडा चकली लाडू काय हवं ते उचलायचं, वहीत लिहायचं आणि क्यूआर स्कॅन करायचा नाहीतर डब्यात पैसे टाकायचे. चकली एक नंबर, चिवडा मात्र तेलकट आणि महाग. पण मजा डब्यावर चिकटवलेल्या डोळ्यांच्या फोटोत आहे! उगाच नाही हं ते, इंग्लंडात न्यूकॅसल युनिव्हर्सिटीच्या कॉफी रूममधला २००६ चा प्रयोग आहे, फुलांऐवजी डोळ्यांचं चित्र लावलं त्या आठवड्यांत लोकांनी जवळजवळ तिप्पट पैसे टाकले. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, त्यामुळे फोटोवर फार भिस्त नको. मला तर वाटतं खरं काम वहीच करते, वरच्या ओळीत शेजारच्या काकूंचा फ्लॅट नंबर दिसला की आपणही मुकाट लिहितो. मिझोराममध्ये सेलिंगजवळ हायवेला शेतकरी भाजी आणि पैशांचा डबा ठेवून खुशाल शेतावर जातात म्हणे, आपल्याकडे वही लागतेच. फक्त सुट्ट्यांचं बघा राव, शंभरची नोट टाकली की उरलेले पैसे दान समजायचे का? ४ स्टार.