पट्टीचं गणित छापणारं आणि सोडवणारं: मॅथजेएस + केटेक, एक सीझन वापरून

मी देवगडच्या बाजूला नववी-दहावीच्या शिकवण्या घेतो आणि आंब्याच्या सीझनला काकांच्या कलमांचा हिशोब बघतो, म्हणजे गणित दोन्हीकडे तेच, फक्त एकीकडे मार्क कापतात आणि एकीकडे आडत (दलालाचं कमिशन).

गेल्या वर्षी काकांसाठी एक वेबपेज केलेलं. माल वाशीच्या बाजारात गेला की पेट्या, दर, भाडं, हमाली टाकायची आणि हातात किती येणार ते बघायचं, म्हणजे पट्टीचं (दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदाचं) गणित. वर सूत्र मस्त छापलेलं, खाली उत्तर. पण सूत्र वेगळं लिहिलेलं आणि हिशोबाचा कोड वेगळा! मध्येच हमाली पेटीमागे धरायचं ठरलं, मी कोड बदलला आणि वरचं सूत्र विसरलो. काकांनी चष्मा लावून वहीत करून बघितलं आणि विचारलं, "हो आकडो खयसून इलो रे?" मी गप्प.

म्हणून यंदा मॅथजेएस घेतलं. जोस द यॉंग यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली जावास्क्रिप्ट लायब्ररी (वेबपेजमध्ये जोडायचा तयार कोड), फुकट आहे. केटेक किंवा मॅथजॅक्स ह्या लायब्ररी सूत्र नुसतं छापतात, त्यांना अपूर्णांकाची रेघ कुठे मारायची ते कळतं, भागाकार करता येत नाही. मॅथजेएस साधं टाइप केलेलं सूत्र वाचून त्याचं आतल्या आत एक झाड बनवतं, आणि त्या एकाच झाडापासून उत्तरही काढतं आणि टेकमध्ये (गणित छापायच्या खुणांच्या भाषेत) मजकूरही देतं, तो केटेकला दिला की झालं. सूत्र एकदाच लिहायचं, मग छापलेलं एक आणि मोजलेलं दुसरं असं होऊच शकत नाही. माझ्यासाठी पैसे वसूल इथेच (फुकटातले का असेना).

मी त्यात एक हँडलर (छापताना हवं ते बसवणारं छोटं फंक्शन) लावला. पहिल्या ओळीत नावं, दुसऱ्या ओळीत त्याच जागी आकडे, तिसरीत उत्तर. समजा ४० पेट्या, दर १,८००, आडत ८ टक्के, भाडं पेटीमागे ६०, हमाली १५, तर ७२,००० मधून ५,७६०, २,४०० आणि ६०० गेले, राहिले ६३,२४०, म्हणजे पेटीला १,५८१. सगळं उलगडून दिसतं, वही काढायला नको.

शिकवणीत तर भलताच फायदा झाला. मॅथजेएसमध्ये गुणाकाराचं चिन्ह न लिहिता १/२ क्ष टाइप केलं की ते अर्धा क्ष धरतं, पण य/२ क्ष टाइप केलं की य भागिले २क्ष! (खरं टाइप करताना इंग्रजी अक्षरंच लागतात, त्याचं पुढे बोलतो.) नुसतं उत्तर आलं असतं तर कोणाच्या लक्षात आलं नसतं, पण छापलेल्या रेघेखाली क्ष दिसला की पोरंच ओरडतात, सर कंस राहिला.

आता कटकटी. देवनागरी अंक आणि नावं त्याला वाचताच येत नाहीत, थेट सिंटॅक्स एरर. मी आत इंग्रजी नावं ठेवली आणि छापताना मराठी बसवली, केटेकमध्ये टेक्स्टच्या आत देवनागरी नीट येतं. उत्तराचे आकडे ब्राउझरच्या नंबरफॉरमॅटला मराठी सांगितलं की लाखाच्या स्वल्पविरामासकट देवनागरीत येतात, ते काम सोपं निघालं. दुसरं, ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ दाखवतं. तो दोष ह्या लायब्ररीचा नाही, कॉम्प्युटर दशांश बायनरीत साठवतो त्यामुळे होतं, पण दहावीच्या पोरासमोर कसं दाखवणार? फ्रॅक्शन (अपूर्णांकाचा) मोड लावा नाहीतर छापताना राउंड करा. आणि समीकरण टाकून क्षची किंमत काढून दे म्हटलं तर सरळ सोय नाही, सिम्प्लिफाय (सोपं रूप देणं) आणि डेरिव्हेटिव्ह (विकलन) असली फंक्शनं आहेत.

पूर्ण फाइल जड आहे, हवी तेवढीच फंक्शनं उचला. मी दोन्ही लायब्ररी मोबाइलमध्येच साठवून ठेवल्यात, कारण आमच्याकडे पावसात रेंज आणि लाइट एकदमच जातात.

पाचपैकी चार. एक कापला देवनागरीसाठी.

काकांनी परवा आलेली पट्टी पेजशेजारी धरली आणि काही न बोलता हमालीच्या आकड्यावर बोट ठेवलं. पट्टीत १५ च्या जागी २० लागलेले. आता वाशीला फोन मला करायचाय.