निवासी डॉक्टरांसाठीचा व्यावसायिक जबाबदारी विमा : एक दावा पाहिल्यानंतर

शस्त्रक्रिया विभागात निवासी डॉक्टर म्हणून रुजू होताना मी व्यावसायिक जबाबदारी विमा (उपचारात चूक झाल्याचा दावा रुग्णाने केल्यास वकील आणि भरपाई यांचा खर्च उचलणारा) घेतला, तो केवळ जमा करायच्या कागदपत्रांच्या यादीत त्याचे नाव होते म्हणून. त्यानंतर आठ वर्षे मी ही सेवा वापरली आणि त्या काळात माझ्यावरचा एक दावा आरंभापासून निकाली निघेपर्यंत पाहिला. प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना ही पॉलिसी देताना संरक्षणाच्या रकमेखेरीज फारसे काही सांगितले जात नाही. माझ्या प्रकरणात मात्र त्या रकमेला हात लावण्याची वेळ आलीच नाही. उपयोगी पडल्या त्या वेगळ्याच गोष्टी, आणि उणीवही वेगळ्याच ठिकाणी निघाली.

दुसऱ्या वर्षी एका रात्रपाळीत पोटदुखीचा रुग्ण दाखल झाला. मी त्याला तपासले, अपेंडिक्सची शंका सिनियरना फोनवर कळवली आणि त्यांनी सकाळपर्यंत निरीक्षणाखाली ठेवण्यास सांगितले. सकाळी शस्त्रक्रियेच्या वेळी अपेंडिक्स फुटलेले आढळले. रुग्ण बचावला, पण त्याला दुसरी शस्त्रक्रिया आणि कित्येक आठवड्यांचे आजारपण सोसावे लागले. पहाटे त्याच्या पोटावर पुन्हा एकदा हात ठेवून मी पाहायला हवे होते. ते मी केले नाही, हे मी तेव्हाही मान्य केले आणि आजही करते. तीन वर्षांनी नोटीस आली, तेव्हा तीत रुग्णालय, सिनियर आणि मी अशी तिघांची नावे होती.

नोटीस हातात पडली त्या रात्री साडेअकराला मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. फोन घेणाऱ्या बाई स्वतः डॉक्टर होत्या आणि नंतर कायदा शिकल्या होत्या. त्यांनी मला आधी पूर्ण बोलू दिले आणि मग स्पष्ट सूचना दिल्या : केसपेपरला हात लावायचा नाही, त्यात एक शब्दही वाढवायचा नाही; जे आठवते ते आजची तारीख घालून वेगळ्या कागदावर लिहायचे आणि फक्त वकिलांकडे पाठवायचे; सहकाऱ्यांशी मोबाइलवर त्याविषयी चर्चा करायची नाही. पहाटेच्या न केलेल्या तपासणीविषयी मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तेही लिहा, आणि सर्वांत आधी लिहा.’ या एका संभाषणासाठी मी या सेवेला पूर्ण गुण देईन. केसपेपरच्या समासात एक ओळ मागाहून घालण्याचा मोह घाबरलेल्या डॉक्टरला किती सहज होतो, हे मला त्याच रात्री समजले होते, आणि अशी मागाहून घातलेली ओळ उघडकीस आली की बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

नोकरीत असलेल्या डॉक्टरच्या चुकीची भरपाई बहुधा रुग्णालयच देते, मग स्वतंत्र पॉलिसी कशाला, असे अनेक निवासी डॉक्टर विचारतात. त्याचे उत्तर मला दुसऱ्या महिन्यात मिळाले. त्या रात्री फोन आल्याचे आपल्याला आठवत नाही, असे सिनियरनी कळवले आणि रुग्णालयाच्या वकिलांनी तिघांचे मिळून एकच निवेदन द्यावे असा आग्रह धरला. रुग्णालयाचे वकील रुग्णालयाचे हित पाहतात. त्यात गैर काही नाही, पण त्या खोलीत माझी बाजू मांडणारे कोणीतरी असणे गरजेचे होते. कंपनीने दिलेल्या वकिलांनी केसपेपरवरची माझीच ओळ पुढे ठेवली : ‘२.४० वा. सिनियरना फोनवर कळवले, निरीक्षण करण्यास सांगितले.’

त्या ओळीला इतके वजन का, हे सांगताना त्यांनी इंग्लंडमधील विल्शर खटल्याचा दाखला दिला. १९७८ साली मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाच्या नाळेतून नळी घालताना कनिष्ठ डॉक्टरने ती धमनीऐवजी शिरेत घातली. त्यामुळे रक्तातील प्राणवायूची मोजणी चुकत राहिली आणि बाळाला जादा प्राणवायू दिला गेला. कनिष्ठाने वरिष्ठ रजिस्ट्रारना, म्हणजे आपल्या वरच्या पदावरील डॉक्टरांना, तपासायला सांगितले होते. ती चूक त्यांच्याही लक्षात आली नाही. १९८६ साली अपील न्यायालयाने सांगितले की अननुभव हा बचाव होऊ शकत नाही, डॉक्टर ज्या पदावर काम करतो त्या पदाला साजेशी दक्षता त्याने घेतलीच पाहिजे. परंतु कनिष्ठाने वरिष्ठाची मदत मागितली, तेव्हा त्याने आपले कर्तव्य बजावले. (१९८८ साली तिथले तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने, बाळाची दृष्टी जाण्याचे कारण जादा प्राणवायूच होता हे सिद्ध झालेले नाही म्हणून, फेरसुनावणीचा आदेश दिला.) शिकाऊ आहे म्हणून रुग्णाने कमी दर्जाची सेवा का स्वीकारावी, हा त्यामागचा विचार मला पूर्णपणे पटतो.

दोन वर्षांनी रुग्णालयाने त्या कुटुंबाला भरपाई दिली आणि माझ्यावरचा दावा मागे घेण्यात आला. भरपाई त्यांना मिळायलाच हवी होती.

आता उणिवेविषयी, आणि ती किरकोळ नाही. ही पॉलिसी ‘दावा येईल त्या दिवशी चालू असेल तरच लागू’ या प्रकारची आहे. घटना घडली तेव्हा विमा होता एवढे पुरत नाही. प्रशिक्षणार्थींची सवलतीची पॉलिसी प्रशिक्षण संपताच आपोआप बंद होते, आणि आमच्यावरचे दावे तर बहुतेक वेळा आम्ही ते रुग्णालय सोडून गेल्यावर येतात. लहान मुलांच्या बाबतीत त्याला आणखी कितीतरी वर्षे लागू शकतात. कंपनीने याची सूचना ईमेलच्या तळाशी एका ओळीत दिली होती. एका ज्येष्ठ सहकारी मॅडमनी बजावले म्हणून मी शेवटच्या दिवशी जुनी आरंभतारीख कायम ठेवून, म्हणजे आधीच्या घटनाही तीत धरल्या जातील अशी, पूर्ण पॉलिसी घेतली. ती घेतली नसती, तर वरच्या सर्व प्रकरणात मी एकटीच असते. याशिवाय, डॉक्टरच्या संमतीविना तडजोड करण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे. तडजोडीची नोंद पुढील नोकरीच्या अर्जात विचारली जाऊ शकत असल्याने ही अट मला मान्य नाही. कागदपत्रे आणि नूतनीकरण यांबाबत तक्रार नाही.

सेवा मी चालू ठेवली आहे. यंदाच्या नूतनीकरणापूर्वी, पॉलिसी बंद केल्यानंतर येणाऱ्या दाव्यांसाठी वाढीव मुदत किती आणि कोणत्या कलमाखाली, हे मी लेखी विचारले. उत्तर यायला तीन स्मरणपत्रे लागली. ते आता कलमक्रमांकासह पॉलिसीला जोडून ठेवले आहे.