यूएसबी आयसोलेटर: मंद, पण दुकानाला हवाच

रत्नागिरी-मालवणकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत, ई-सेवा केंद्रांत गिऱ्हाईक पेनड्राइव्ह पुढे करतं आणि तो थेट सीपीयूला लागतो. तो ‘यूएसबी किलर’ निघाला, तर अँटिव्हायरस काय करणार? ही वस्तू पोर्टाच्या ५ व्होल्टांवर कॅपेसिटर भरते आणि साधारण २०० व्होल्टांचा झटका डेटाच्या तारांत सोडते, तोही सेकंदात अनेकदा. मदरबोर्ड गेलाच म्हणायचा.

त्यावर उपाय म्हणून एडीयूएम ३१६० चिपचा आयसोलेटर, म्हणजे तारेचा थेट जोड न ठेवता डेटा पलीकडे नेणारा छोटा बोर्ड, मधे लावावा. दोन्ही बाजूंचं ग्राउंडही (विजेची परतीची तार) वेगळं राहतं, त्यामुळे जळली तर बाहेरची बाजू जळते. चिपचं आयसोलेशन, म्हणजे वीज अडवायची ताकद, २,५०० व्होल्टांचं, पण स्वस्त बोर्डावरचा, बाहेरच्या बाजूला ५ व्होल्ट पुरवणारा बी०५०५एस कन्व्हर्टर बहुधा १,००० चाच. जाहिरातीतला मोठा आकडा अख्ख्या बोर्डाचा समजू नये. किलरपुरतं तेवढं चालतं.

वेग मात्र १२ मेगाबिट. १०० एमबीच्या फाइलला दीड-दोन मिनिटं लागतात. सातबाऱ्याच्या पीडीएफचं काही अडत नाही, लग्नाचा व्हिडिओ विसरा. करंट जेमतेम २०० मिलिअँपिअर, म्हणून पोर्टेबल हार्डडिस्क नुसती टकटक करते. बोर्डावरचं वेगाचं बटण ‘फुल स्पीड’वर हवं, नाहीतर पेनड्राइव्ह दिसतच नाही.

उघड्या बोर्डाच्या पिना खाऱ्या हवेत हिरव्या पडतात; डबीतलाच घ्या. कीबोर्डचं सोंग घेऊन आपणच कमांड टाइप करणारा पेनड्राइव्ह आणि विजेच्या लायनीतून येणारा विजेचा लोळ, दोन्हींपुढे हा निरुपयोगी. आणि सीपीयूच्या पुढच्या बाजूच्या पोर्टांची केबल मदरबोर्डावरून काढूनच टाका, नाहीतर गिऱ्हाईक स्वतःच तिथे खुपसतं.