स्टाइनबेक पडद्यावर : आधी फोर्ड यांचा चित्रपट पाहावा की कझान यांचा?

जॉन स्टाइनबेक या अमेरिकन कादंबरीकाराची ओळख ज्याला चित्रपटांतून करून घ्यायची आहे, त्याच्यासमोर बहुतेक वेळा दोन नावे येतात : जॉन फोर्ड यांचा ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९४०) आणि एलिया कझान यांचा ‘ईस्ट ऑफ ईडन’ (१९५५). दोन्ही साधारण दोन तासांचे आहेत, दोन्ही गाजले आणि दोन्हींना ऑस्कर मिळाले. तरीही एकात लेखक जितका भेटतो तितका दुसऱ्यात भेटत नाही. हा फरक आधीच ठाऊक असेल, तर निवड करणे बरेच सोपे जाते.

स्टाइनबेक यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील सॅलिनस येथे झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठात काही वर्षे अधूनमधून शिकून ते पदवी न घेताच बाहेर पडले, आणि साखरेच्या बीटच्या मळ्यांवर राबताना त्यांनी फिरस्त्या मजुरांचे जगणे जवळून पाहिले. १९३६ साली ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ या दैनिकासाठी त्यांनी अशाच मजुरांवर लेखमाला लिहिली. त्या वेळी अर्विनजवळच्या सरकारी छावणीचे व्यवस्थापक टॉम कॉलिन्स यांची त्यांना फार मदत झाली. याच पाहणीतून १९३९ साली ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी आली. तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि ज्या कर्न काउंटीतील मजुरांचे हाल तिने मांडले त्याच काउंटीने तिच्यावर बंदीही घातली. नोबेल पारितोषिक पुढे १९६२ साली मिळाले.

फोर्ड यांचा चित्रपट कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर वर्षभराच्या आतच पडद्यावर आला. ज्या माणसांची ही कथा होती ती तेव्हाही रस्त्यावरच होती, आणि ती निकड चित्रपटात जाणवते. टॉम कॉलिन्स यांनाच सल्लागार म्हणून बोलावलेले असल्याने छावण्या आणि लादलेल्या गाड्या बनावट वाटत नाहीत. ग्रेग टोलंड यांचे छायाचित्रण तर मला या चित्रपटाचा प्राण वाटते. ओसाड पडलेल्या घरात मेणबत्तीच्या उजेडात जेवढा चेहरा दिसतो तेवढाच दिसतो, बाकी सारा काळोख. घर कायमचे सोडण्याच्या पहाटे, ज्यांची ही कथा आहे त्या जोड आडनावाच्या कुटुंबातली आई आपली जपून ठेवलेली पेटी उघडते. जुनी कागदपत्रे एकेक करून विस्तवात टाकते, आणि मग कानातली डूल कानांशी धरून मंद उजेडात आपले प्रतिबिंब क्षणभर पाहते. या प्रसंगात एकही संवाद नाही. कादंबरीत तो थोडक्यात आटोपतो. पडद्यावर जेन डार्वेल यांनी त्याला जो अवकाश दिला आहे, तो पाहिल्यावर साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर त्यांना का मिळाले हे वेगळे सांगावे लागत नाही. फोर्ड यांनाही दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले.

मात्र शेवट बदललेला आहे, आणि हा बदल लहान नाही. कादंबरीत सरकारी छावणीतले बरे दिवस मध्येच येतात आणि नंतर परिस्थिती अधिकच बिघडत जाते : संप, खून, पूर, मृत जन्मलेले मूल, आणि अखेरीस एका कोठारात त्या मुलाची आई उपासमारीने मरायला टेकलेल्या अनोळखी माणसाला आपले दूध पाजते. चित्रपटाने छावणी शेवटाकडे नेली आणि आईच्या आशेच्या बोलांवर पडदा पाडला. त्या काळात तो मूळ शेवट पडद्यावर येणे शक्यच नव्हते, हे मान्य करूनही मला ही हानी मोठी वाटते. तरी स्वतः स्टाइनबेक यांनी चित्रपट पाहून तो कठोर आणि सरळ असल्याचे, माहितीपटासारखा वाटत असल्याचे पत्रात लिहिले होते. या पसंतीला वजन आहे, कारण हिचकॉक यांच्या ‘लाइफबोट’मध्ये आपल्या कथेतील कृष्णवर्णीय पात्राचे केलेले चित्रण न पटल्याने त्यांनी आपले नाव काढून टाकण्याची मागणी केली होती.

‘ईस्ट ऑफ ईडन’चा प्रश्न वेगळा आहे. १९५२ सालची ही कादंबरी स्टाइनबेक आपली सर्वांत महत्त्वाची कृती मानत. सुमारे सहाशे पानांच्या या पुस्तकात ट्रास्क या कल्पित घराण्याशेजारी त्यांचे आजोळचे हॅमिल्टन घराणे खऱ्या नावांनिशी वावरते. कझान आणि पटकथाकार पॉल ऑस्बोर्न यांनी कादंबरीचा केवळ अखेरचा भाग घेतला. त्यामुळे आजोबा सॅम्युअल हॅमिल्टन गेले, आणि ट्रास्कांच्या घरी मुले वाढवणारा चिनी वंशाचा ली हाही गेला. ली जाण्याने नेमके काय बिघडते हे एका व्यवहारातून दिसते. युद्धकाळात घेवड्याच्या बियांचा व्यापार करून वडिलांचे बुडालेले पैसे भरून द्यावेत, असे ट्रास्कांचा मुलगा कॅल ठरवतो. त्यासाठी लागणारे पाच हजार डॉलर कादंबरीत ली आपल्या आयुष्यभराच्या बचतीतून देतो; चित्रपटात ते पैसे कुंटणखाना चालवणाऱ्या आईकडून येतात. पडद्यावर नाट्य वाढते यात शंका नाही, पण एका निरपेक्ष माणसाचा विश्वास कथेतून नाहीसा होतो. माणसाला पापावर मात करण्याची मुभा आहे, असे सांगणारा ‘टिमशेल’ हा हिब्रू शब्द म्हणजे कादंबरीचा गाभा. तो ज्या चर्चेतून उलगडतो तिला ली आणि सॅम्युअल यांच्यावाचून जागाच उरत नाही.

असे असूनही हा चित्रपट मी टाळा म्हणणार नाही. वडील ते पैसे नाकारतात तेव्हा कॅल झालेला जेम्स डीन हुंदके देत त्यांच्या अंगावर कोसळतो, आणि वडील झालेले रेमंड मॅसी खरोखरच गांगरलेले दिसतात. डीनच्या तीन प्रमुख चित्रपटांपैकी त्याच्या हयातीत प्रदर्शित झालेला हा एकच. आईच्या भूमिकेसाठी जो व्हॅन फ्लीट यांना ऑस्कर मिळाले.

तेव्हा एकच संध्याकाळ हाताशी असेल आणि स्टाइनबेक जाणून घ्यायचे असतील, तर फोर्ड यांचा चित्रपट निःशंकपणे निवडावा. तो कादंबरीच्या आधी पाहिला तरी वाचनाची गोडी कमी होत नाही, कारण शेवट पुस्तकातच राखून ठेवलेला आहे. अभिनय हा मुख्य ओढा असेल, तर कझान यांचा चित्रपट घ्यावा. पण कादंबरी वाचण्याचा विचार असेल, तर आधी ती संपवावी, नाहीतर प्रत्येक पानावर कॅल डीनच्याच चेहऱ्याने दिसत राहतो. आणि पुस्तक व चित्रपट दोन्ही एका आठवड्यात बसवायचे असतील, तर तिसरा पर्याय अधिक सोयीचा आहे : ‘ऑफ माइस अँड मेन’ ही १९३७ सालची छोटी कादंबरी दोन बैठकांत वाचून होते, आणि गॅरी सिनीस यांनी १९९२ साली केलेला, जॉन माल्कोविच यांनी लेनीची भूमिका केलेला चित्रपट मूळ कथेला शेवटापर्यंत धरून राहतो.